वाणावर नाव कोणाचं

३ जानेवारी २००६

भट्टी-मालक संघाच्या ऑफिसातल्या अभिनवनं नव्या वर्षाची डायरी आणून दिली. चामड्याचा पुठ्ठा, पहिल्याच पानावर संघाचा शिक्का. कागद इतका गुळगुळीत आहे की न लिहिणं जिवावर आलं. नोकरीभर फायलींवर हिंदीत टिपणं लिहिली, त्यामुळे मराठी घरात बोलतो तशीच उतरून राहिली आहे. कोणाले वाचायला थोडीच द्यायची आहे.

कार्डं पण आली. ‘शालिग्राम मुलमुले, निवृत्त अवर सचिव, मानद सल्लागार.’ इथं रायपुरात तेलीबांध्याला संघाच्या ऑफिसात खोली, न्यायला-आणायला गाडी. प्रेमलाले कार्ड दाखवलं तं तिनं पुसलेल्या हातानं धरलं, वाचलं अन् म्हणे, "मानद म्हणजे काम नाही असंच ना?" माझ्या बायकोले सरकारी भाषा कधी समजलीच नाही.

काम तसं साधं आहे. भनपुरीच्या लोखंडाच्या भट्ट्यांवर धूर गाळायची यंत्रं आहेत. ती दिवसरात्र चालवा असा आदेश या महिन्यात निघायचा आहे. संघ म्हणतो की यंत्रं बसवली, पण अजून नीट चालत नाहीत, एक वर्षाची मुदत द्या. ही बाजू मी सचिव साहेबांसमोर मांडायची. मांडणं म्हणजे काही गुन्हा नाही. वकील काय वेगळं करतो?

पराग जेवताना म्हणाला, "पापा, इसको लॉबिंग बोलते हैं. अमेरिका में इसके लिए रजिस्टर कराना पड़ता है." मी म्हटलं, इथं कुठल्या खिडकीवर नोंदवायचं ते सांग, उद्या सकाळीच जातो. पोट्टं मराठी समजतं सगळं, बोलायची वेळ आली की हिंदीत पळते.

६ जानेवारी

मंत्रालयात जाऊन आलो. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत राज्य चालते आपलं. सचिव साहेबांची खोली जिथं आहे तिथं पूर्वी ऑपरेशनं होत म्हणे. रायपूर राजधानी होऊन पाच वर्षं झाली, पण मले अजूनही त्या जिन्यात फिनाईलचा वास येतो. मागच्या वर्षी पेन्शनच्या कामाले आलो होतो तं फाटकावरच्या शिपायानं मले चिठ्ठी भरायला लावली होती. आज संघाची गाडी पाहून त्यानं सलाम ठोकला. मले बरं वाटलं. खोटं काय बोलू.

सचिव साहेब फार सज्जन माणूस. चहा दिला, निवेदन ठेवून घेतलं अन् म्हणाले, "मुलमुले जी, दूसरी तरफ़ की अर्ज़ी भी आई है. दोनों पढ़ूँगा." दुसरी बाजू म्हणजे भनपुरीच्या वसाहतीचा अर्ज. त्यात लिहिलं आहे की यंत्रं चांगली चालतात, पण वीज वाचवायसाठी बंद ठेवतात.

अर्जावर पहिली सही शामरावची आहे. शामराव माझा मित्र, त्याची बायको कांताबाई प्रेमलाची मैत्रीण. रेल्वेतून निवृत्त झाला अन् भनपुरीत घर बांधलं. मले हे सकाळी सांगितलं असतं कोणी तं मी पोटदुखीचं निमित्त करून घरी बसलो असतो.

परत येताना अभिनवनं विचारलं, "सर, आंटीजी का महिला मंडल कैसा चल रहा है?" आजकालच्या पोरांमध्ये घरच्या बायांची विचारपूस करणारं कोण आहे? चांगल्या घरचा दिसतो.

९ जानेवारी

शामराव आला होता. नेहमीसारखा फाटकातूनच "मुलमुले, चहा" असं म्हणाला नाही. खुर्चीवर बसला, टेबलावरचं माझं कार्ड उचललं, वाचलं अन् उलटं ठेवलं.

म्हणे, "कांताले डॉक्टरनं सांगितलं, धूर सोडा नाही तं गाव सोडा. मी आदेशाची वाट पाहून राहिलो. महिनाअखेरपर्यंत निघाला तं ठीक. नाही तं घर विकतो अन् गोंदियाले पोराकडे जातो."

मी म्हटलं, फक्त एका वर्षाचा तं प्रश्न आहे.

"तिले एका वर्षाचा श्वास आणून दे मग तू," शामराव म्हणाला. राग नव्हता आवाजात, तेच जास्त लागलं. मग तो साडीचं बोलला. कांताबाई पौर्णिमेले विहारात पांढरी साडी नेसून जातात. ती साडी बाहेर वाळत टाकली की संध्याकाळपर्यंत राखेची होते, म्हणून आता खोलीत पंख्याखाली वाळवतात. मागच्या दोन पौर्णिमांले त्या गेल्याच नाहीत. दम लागतो.

प्रेमला चहा घेऊन आली. शामरावनं कप घेतला, अर्धा पिऊन ठेवला. असं आजपर्यंत झालं नव्हतं. तो गेल्यावर प्रेमलानं तो कप उचलला नाही, मलेच उचलून न्यावा लागला.

१२ जानेवारी

आज जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण यात माझी चूक कुठी आहे ते मले अजून सापडून नाही राहिलं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रेमलाचं हळदीकुंकू असते. दरवर्षी वाण काय लुटायचं यावर घरात आठवडाभर बैठकी होतात. मागच्या साली गाळण्या वाटल्या होत्या. मंडळात शर्मिष्ठा येते, सचिव साहेबांची बायको, अमरावतीची पोट्टी. प्रेमलाले काकू म्हणते. अभिनवले हे कुठून कळलं देव जाणे. तो म्हणाला, संघातर्फे वाणाची व्यवस्था करू, चांदीचे करंडे.

मी चमकलो. भेटवस्तूचे नियम मले पाठ आहेत. पण मग मीच विचार केला. नियमात रूढीप्रमाणे सणासुदीले स्नेह्यांनी दिलेल्या भेटीले सवड आहे. वाण ही रूढी नाही तं काय आहे? त्यातून ते बाईनं बाईले दिलेलं, साहेबांचा संबंधच नाही. मी हे अभिनवले समजावून सांगितलं तं तो उठून माझ्या पाया पडला. "सर, ये तो किसी वकील को नहीं सूझता."

संध्याकाळी तो एक करंडा घेऊन घरी आला, नमुना दाखवायले. प्रेमलानं हातावर तोलून पाहिला.

"वाण सगळ्यांले सारखं लागते," ती म्हणे. "शर्मिष्ठाले चांदी अन् शेजारणीले चिनीमाती, असं चालत नाही."

"सबके लिए देंगे आंटी," अभिनव म्हणाला. "जितनी महिलाएँ हों."

"मग खाली नाव खोदून आण. वाणावर देणाऱ्याचं नाव असते. तुमच्या संघाचं नाव टाक, मी वाटते."

अभिनव माझ्याकडे पाहून राहिला, मी पंख्याकडे. शेवटी तो म्हणाला, "आंटी, नाम तो नहीं डाल सकते."

"मग ते वाण नाही बाबू," म्हणत प्रेमलानं करंडा डबीत ठेवला, डबीले दोरा बांधला अन् त्याच्या हाती दिला. वरून तिळाचा लाडू दिला.

तो गेल्यावर मी तिले नियम वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, "त्या नियमात असंही असेल की मोठी भेट घेतली तं कळवायचं." मी म्हटलं, आहे. "मग शर्मिष्ठाचा नवरा कळवणार होता का?" मी तिले सांगितलं की कायद्याचं अर्धवट ज्ञान फार धोक्याचं असते. तिनं मले तांदळातले खडे दाखवले.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन शामरावकडे गेलो नाही. पहिलीच वेळ. प्रेमला सिटी बसनं एकटीच जाऊन आली. कांताबाई कुंकू लावत नाहीत, तिळगूळ मात्र दोघी एकमेकींच्या हातावर ठेवतात, लग्न झाल्यापासून. काय बोलल्या विचारलं तं म्हणे, "बायांचं बोलणं, मानद नाही."

१६ जानेवारी

प्रेमलानं जाहीर केलं की यंदा हळदीकुंकू भनपुरीत, कांताबाईच्या घरासमोरच्या पटांगणात. मंडळाच्या सगळ्या बाया अन् वसाहतीतल्या सगळ्या. शर्मिष्ठा हो म्हणाली आहे.

मी म्हटलं, काहून? आपल्या घरी जागा नाही का? तं म्हणे, "कांताले दम लागते, तिले इथं येणं होत नाही. मग आपण जावं." मग जाता जाता म्हणे, "शर्मिष्ठा कोसा रेशमाची नवी साडी नेसणार होती. काजळी पडून खराब झाली तं तुमच्याच संघाचं नाव जाईल. मी आपलं सांगून ठेवलं." संघाच्या नावाची काळजी तिले पहिल्यांदाच वाटली. मले समाधान वाटलं. माणूस हळूहळू समजते.

१७ जानेवारी

अभिनव ऐकून पांढरा पडला. "सर, मैडम भनपुरी जाएँगी? वहाँ?" मी त्याले धीर दिला. म्हटलं, अरे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाले आमच्या बाया काळीच साडी नेसतात. वर्षातला तेवढाच सण काळ्याचा. काजळी पडली तरी कोणाले दिसणार? शर्मिष्ठालेही प्रेमला काळीच नेसायले लावेल.

"और हल्दी, सर? मिठाई?"

तेव्हा मले सुचलं. चांगला सल्लागार अशाच वेळी कामाले येतो. मी म्हटलं, त्या दिवसापुरती यंत्रं लावून टाका ना बाबा. सकाळपासून. सगळ्या भट्ट्यांची.

त्यानं तिथल्या तिथं फोन लावले. सगळे मालक हो म्हणाले. मी घरी येऊन प्रेमलाले सांगितलं की तुझ्या कार्यक्रमाले निरभ्र आकाश देऊन राहिलो, सल्लागाराचं वजन असते ते असं. ती म्हणे, "बाई बाई, मोठी कामाची आहे हो तुमची नोकरी." अन् त्या दिवशी माझ्या ताटात न मागता दुसरी पुरणपोळी पडली.

१९ जानेवारी

वाण ठरलं. कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे. पंडरीच्या ठोक दुकानातून गठ्ठे आणले. पाकिटावर चिकटवायले चिठ्ठ्या परागकडून छापून घेतल्या, ‘सौ. प्रेमला शालिग्राम मुलमुले’. चांदीचे करंडे परत करून बाई सचिवांच्या बायकोले चिमटे देणार. मी काही बोललो नाही. बोललो असतो तं माझं नाव चिठ्ठीवरून गेलं असतं.

२२ जानेवारी

कार्यक्रम फारच उत्तम झाला.

हळदीकुंकवात पुरुषांचं काम नाही, म्हणून मी शामरावच्या ओट्यावर बसलो. शामराव पण बसला. आम्ही दोघं पेपरचं एकेक पान वाटून घेऊन वाचत होतो. पण समोरचं सगळं दिसत होतं.

आकाश निळंभोर. भट्ट्यांच्या चिमण्या नुसत्या उभ्या. मी त्या वसाहतीत इतक्या वेळा गेलो, पण मागं टेकडी आहे हे मले आज कळलं. अन् कपडे! घराघरातून, गच्चीवरून, भिंतीवरून, गोधड्या, चादरी, पोरांचे शाळेचे शर्ट, उशांचे अभ्रे. जिथं दोरी तिथं कपडा. ओट्याओट्यावर पापड, वड्या, मिरच्या. काळ्या साड्या नेसलेल्या बाया त्या पांढऱ्या कपड्यांमधून वाट काढत येत होत्या.

शर्मिष्ठा गाडीतून उतरली अन् थबकलीच. विचारलं, "काकू, आज इथं काही सण आहे का? सगळ्यांनी एकदम धुणं काढलं."

कांताबाईची शेजारीण, बिलासपूरकडची, तीच बोलली. "हव दीदी, आज मशीन चलत हे."

शर्मिष्ठाले समजलं नाही. कांताबाईनं मराठीत सांगितलं. हळूहळू बोलतात बिचाऱ्या, पण आज मध्ये थांबल्या नाहीत. "भट्टीत काम करणारी पोरं इथंच राहतात ना बाई. काल त्यांनी निरोप फिरवला, उद्या मशीन चालू राहीन, धुणी काढून घ्या. म्हणून रातच्यालेच भिजवून ठेवली सगळ्यांनी."

"म्हणजे मशीन चालतं?"

"चालते ना. कोणी मोठे पाहुणे आले की चालते. तुम्ही रोज येत जा."

बाया हसल्या. शर्मिष्ठापण हसली, पण मग तिनं वर चिमण्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. प्रेमलानं तिच्या कपाळाले कुंकू लावलं, हातात चिमट्यांचं पाकीट दिलं, दुसरं काही म्हणजे काहीच बोलली नाही. मी लक्ष ठेवून होतो.

शामरावनं पेपर खाली ठेवला होता. कांताबाईकडे पाहून राहिला होता. मग मले म्हणे, "चहा घेशील का?" पूर्ण कप प्यालो.

घरी आल्यावर अभिनवले फोन करून सांगितलं की सगळं मस्त झालं, बाया यंत्रांचं इतकं कौतुक करून राहिल्या होत्या की विचारू नको. शर्मिष्ठाताईंनी स्वतः विचारलं चालतात का, अन् सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की हो. तिकडून काही आवाजच येईना. लाईन खराब असेल.

२५ जानेवारी

आज गाडी आली नाही. ड्रायव्हरची तब्येत असेल.

२८ जानेवारी

ड्रायव्हरची तब्येत चांगली आहे. तो मले जयस्तंभ चौकात दिसला, माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

३० जानेवारी

आदेश निघाला. मुदतवाढ नाही.

सचिव साहेबांनी तपासणीचं पथक न सांगता पाठवलं होतं. यंत्रं बंद होती. बटण दाबा म्हटलं, दाबलं, सगळी चालू झाली. आदेशात लिहिलं आहे की संघाचं निवेदन अन् वसाहतीचा अर्ज दोन्ही वाचले, जागेवर जाऊन पाहिलं, यंत्रं चालण्याजोगी आहेत, करिता निवेदन अमान्य. साधं, सुटसुटीत टिपण. मी लिहिलं असतं तं असंच लिहिलं असतं. निवेदन पण मीच लिहिलं होतं, ही गोष्ट वेगळी.

अभिनव आला. बसला नाही. "सर, मशीन चलाने का आइडिया आपका था." मी म्हटलं, हो, पण यंत्रं चालत नाहीत असं तुम्हीच मले सांगितलं होतं. मी तं समजलो होतो की एक दिवस कशीबशी रेटाल. खरं म्हणजे हे बोलताना मले पहिल्यांदा ऐकू आलं की मी काय बोलून राहिलो. एक दिवस चालते ते यंत्र दुसऱ्या दिवशी का चालत नाही, हे मी आयुष्यभर फायली तपासणारा माणूस, विचारलंच नाही कोणाले. गाडी चांगली होती.

त्यानं कार्डं परत मागितली. तसा तो पोरगा वाईट नाही. जाताना प्रेमलाच्या पाया पडला.

रात्री जेवताना पराग म्हणाला, "पापा, सच बोलूँ तो लॉबिंग मम्मी ने की. आपने नहीं." मी प्रेमलाकडे पाहिलं. विचारलं, तू शर्मिष्ठाले फायलीबद्दल काही बोलली होती का?

"मी कायले बोलू," ती म्हणे. "ज्याले बोलावलं त्याले दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर बोलावलं. दिलं ते सगळ्यांले सारखं दिलं. अन् वर माझं नाव लिहून दिलं. यात काय असेल ते तुमच्या नियमात पाहून घ्या."

पाहिलं. रूढीच्या कलमात बसते.

४ फेब्रुवारी

शामरावचा फोन. घर विकायची लावलेली पाटी उतरवली म्हणे. मी म्हटलं, बरं झालं. 

१३ फेब्रुवारी

पौर्णिमा. आम्ही दोघं सकाळीच भनपुरीले गेलो, सिटी बसनं. मले पुढची सीट मिळाली.

शामराव ओट्यावर कागद-पेन घेऊनच बसला होता. म्हणे, "या सल्लागार साहेब. रविवारी मशीन बंद ठेवून राहिले. नवा अर्ज करायचा आहे. तुझ्यासारखी हिंदी कोणाले येते?" मी लिहिला. चांगला झाला. मुद्देसूद. खाली सह्यांसाठी जागा सोडली अन् कागद त्याच्याकडे सरकवला.

त्यानं तो परत माझ्याकडे सरकवला. "लिहिणाऱ्याचं नाव?"

मी म्हटलं, मी कुठी इथं राहतो?

"चिमटे वाटणारी पण इथं राहत नाही," शामराव म्हणाला.

मग मी नाव लिहिलं. शालिग्राम मुलमुले, टिकरापारा, रायपूर. पुढं निवृत्त अवर सचिव लिहिणार होतो, पण जागा कमी होती.

तोवर कांताबाई विहारात जायची तयारी करून राहिल्या होत्या. साडी बाहेर दोरीवर होती, पहाटेपासून, मोकळ्या अंगणात, प्रेमलाच्या हिरव्या-गुलाबी चिमट्यांत. त्यांनी एकेक चिमटा काढला, पदर उन्हाकडे धरला, या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला. मग प्रेमलाले दाखवला, अन् मी पाहून राहिलो असं पाहून मलेही आणून दाखवला.

पांढराच होता.